काउंट नॉर्मल आहे

आमच्या सोनाळ्याला उन्हाळ्यात कुणाचा घोळणा फुटला की उपाय ठरलेला: डोक्यावर गार पाणी आणि नाकाशी फोडलेला कांदा. (सातपुड्याच्या पायथ्याशी मे महिना काढला नसेल तर तुम्हाला हे गमतीचं वाटेल.) माझ्या चुलतबहिणीचा घोळणा मात्र थंडीतही फुटायचा आणि तासभर थांबायचा नाही. "उन्हाचं हाय, कांदा हुंगवा तिले," आजीचं एकच. पुढे अकोल्याला तपासणी केली. प्लेटलेट काउंट २ लाख ८० हजार. दीड ते साडेचार लाख म्हणजे नॉर्मल, विषय संपला! तिला पाळी सुरू झाली, हिमोग्लोबिन ५ वर आलं, तेव्हा कुठे मुंबईत परळला निदान झालं. ग्लान्झमन थ्रॉम्बास्थेनिया.

मी पडलो कॉम्प्युटरवाला. नाव ऐकलं आणि रात्रभर वाचत बसलो. म्हटलं, सर्व्हर सगळे चालू आहेत पण एकमेकांशी बोलत नाहीत, तसलाच प्रकार दिसतोय. आणि खरंच तसंच निघालं.

प्लेटलेट हा वेगळा कण आहे आणि तो रक्त थांबवतो हे इटलीत तुरीनच्या बिझोझेरोने १८८२ मध्ये दाखवलं. पुढे बराच काळ लोक कण मोजत राहिले. १९१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड ग्लान्झमन या बालरोगतज्ज्ञाने अशी मुलं नोंदवली ज्यांच्या प्लेटलेट पुरेशा होत्या, तरी रक्त थांबत नव्हतं आणि गुठळी आकसत नव्हती. म्हणजे दोष संख्येत नाही, कामात आहे. १९१८! आणि आमच्याकडे इतक्या वर्षांनंतरही काउंटवरच फाइल बंद.

काय बिघडलंय हे कळायला आणखी ५६ वर्षं लागली. पॅरिसमध्ये नर्डेन आणि काएन यांनी १९७४ साली अशा तीन रुग्णांच्या प्लेटलेटची प्रथिनं जेलवर वेगळी करून पाहिली, तर निरोगी माणसात दिसणाऱ्या पट्ट्यांचा नमुना इथे बिघडलेला होता. पुढे कमी पडणाऱ्या प्रथिनाची ओळख पटली: ग्लायकोप्रोटीन टू-बी/थ्री-ए. एका प्लेटलेटवर याचे साधारण ८० हजार नग असतात. प्लेटलेट जागी झाली की ते फायब्रिनोजेनला पकडतात आणि त्या दोरीने शेजारची प्लेटलेट बांधली जाते. हे प्रथिन आहे हे कळलं ते ज्यांच्यात ते नव्हतं त्यांच्यामुळे!

(परळमध्येच, केईएममध्ये, १९५२ साली भेंडे, देशपांडे, भाटिया वगैरेंनी बॉम्बे ब्लड ग्रुप असाच शोधला होता. तिथे तांबड्या पेशींवरचं एच अँटिजेन गायब होतं. असो.)

१९८७ मध्ये टू-बी आणि थ्री-ए दोन्हींच्या जीन्सचा क्रम हाती आला. मग हे प्रथिन रक्तातून गाळत बसायची गरज उरली नाही. प्लेटलेटला केंद्रकच नसतं, तेव्हा तिच्यात जीन घालून काही बनवता येत नाही. म्हणून तो हॅम्स्टरच्या किंवा माणसाच्या वाढवलेल्या पेशींत घालतात. पेशीच्या आवरणात रुतणारं शेपूट कापून बाहेरचा भागच बनवायचा, म्हणजे तो द्रवात उतरतो. टोकाला सहा हिस्टिडीन जोडले की निकेलच्या कॉलमवर तो अडकतो, बाकीचा कचरा वाहून जातो. मात्र दोन्ही जीन्स हव्यात: टू-बी जोडीदाराशिवाय पेशीच्या आतच अडकून पडतो. म्हणूनच दोहोंपैकी कुठल्याही जीनमध्ये चूक झाली तरी आजार तोच.

बायोटेकमधल्या मित्राने अशी कुपी दाखवली. तळाशी दिसेल न दिसेल इतकी पांढरी पूड, वर 'फक्त संशोधनासाठी'. मी अगदी भाबडेपणाने विचारलं, "ही हिला टोचता येईल?" तो हसला नाही, हे त्याचे उपकार. सुटं प्रथिन प्लेटलेटवर जाऊन बसत नाही. वर तिच्या शरीराने ते कधी पाहिलेलंच नाही, त्यामुळे ते त्याला परकं समजून प्रतिपिंडं तयार करू शकतं. रक्तपेढीतल्या प्लेटलेट दिल्या तरी हीच भीती, म्हणून त्या जपून द्यायच्या. प्रतिपिंडं झाली की पुढच्या प्लेटलेट वाया जाऊ शकतात. ती प्रतिपिंडं नेमकी कशाला चिकटतात हे तपासायला मात्र अशी कुपी कामाची.

गंमत म्हणजे १९९४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं ॲब्सिक्सिमॅब हे अँजिओप्लास्टीतलं औषध हेच प्रथिन झाकून टाकायचं. जे बहिणीला जन्मापासून आहे, ते हृदयरोग्याला थोड्या वेळापुरतं मुद्दाम दिलं जायचं.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा तिची दाढ दुखत होती. डेंटिस्टला दाखवायला ती परळच्या डॉक्टरांचं पत्र लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवते. मी पत्र वाचत होतो, तेवढ्यात आजीने विचारलं, "काउंट किती आला म्हणे?"