जुन्या गाडीचे चाक : ओळख आणि मोल

अहिल्यानगर जिल्ह्यात जुन्या चाकांचा विषय निघाला की तो लष्करी गाड्यांपाशी येतोच. चिलखती दलाचे प्रशिक्षणकेंद्र नगरला, डीआरडीओची वाहन संशोधन संस्था नगरला आणि १९९४ साली उभे राहिलेले रणगाडा संग्रहालयही नगरलाच. डिस्पोजलमध्ये निघालेल्या जीपा या भागात शेतीच्या कामाला राबल्या, आणि त्यांची चाके आज भंगाराच्या दुकानात, गोठ्यामागे, पाण्याच्या टाकीच्या गाड्याखाली सापडतात. विकणारा ‘जुने आहे’ म्हणून भाव चढवतो, घेणारा ‘गंजले आहे’ म्हणून पाडतो. माझ्या मते ही दोन्ही मापे अपुरी आहेत. चाक कोणत्या गाडीचे, कोणत्या काळातले आणि त्या गाडीवर आज निर्धोकपणे बसेल का, या तीन प्रश्नांवर त्याचा भाव ठरतो. त्यामुळे ओळख पटेपर्यंत भावाची बोलणी करण्यात अर्थ नाही.

ओळखीची सुरुवात घडणीपासून करावी. सर्वांत जुनी चाके लाकडी आऱ्यांची. त्यानंतर तारांची, आणि मग दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याची, ज्यांना गॅरेजमध्ये सरसकट ‘डिस्क’ म्हणतात. हे टप्पे एकमेकांत मिसळलेले आहेत, तरी ढोबळ काळ त्यांवरून कळतो. नगरच्या संग्रहालयात रोल्स-रॉइसची सिल्व्हर घोस्ट चिलखती मोटार आहे. या जातीच्या १९१४ च्या रचनेला तारांची चाके होती, १९२० च्या रचनेत पत्र्याच्या तबकड्या आल्या. एकाच गाडीच्या दोन पिढ्या नुसत्या चाकावरून वेगळ्या ओळखता येतात.

यानंतर आकार पाहावा, आणि इथे जुनी लिहिण्याची पद्धत चकवते. सुरुवातीच्या टायरांवरचा ‘३० × ३½’ हा आकडा टायरच्या बाहेरच्या व्यासाचा असतो. रिमचा व्यास काढायला दोन्ही बाजूंची जाडी वजा करावी लागते : ३० वजा ७, म्हणजे २३ इंच. फोर्ड मॉडेल टीचे मागचे चाक असेच २३ इंची. पुढे ‘४.७५-१९’ अशी पद्धत आली, तिच्यात दुसरा आकडा थेट रिमचा. फोर्ड मॉडेल एची १९२८-२९ ची चाके २१ इंची आणि १९३०-३१ ची १९ इंची. मोजपट्टी हातात असेल तर या गाडीचा काळ एका मिनिटात ठरतो. रिमची रुंदी मात्र आतून, टायरची कड जिथे बसते तिथे मोजावी. बाहेरून मोजले की आकडा हमखास जास्त येतो.

सर्वांत निर्णायक माप म्हणजे बोल्टच्या भोकांचे वर्तुळ, म्हणजेच पीसीडी. चार किंवा सहा भोके असतील तर समोरासमोर मोजता येते. पाच भोकांना समोर जोडीदार नसतो. तिथे एका भोकाच्या डाव्या कडेपासून शेजारच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत सरळ रेषेत अंतर घ्यावे आणि त्याला १.७०१ ने गुणावे. विलिस जीपच्या चाकावर हे अंतर सुमारे ८२ मिलीमीटर भरते. गुणाकार १३९.७, म्हणजे साडेपाच इंच.

पण गणित जुळले म्हणून चाक जीपचे ठरले, असे समजू नये. हेच वर्तुळ १९२८ ते १९३५ आणि पुन्हा १९४० ते १९४८ च्या फोर्ड मोटारींवर आहे आणि मारुती जिप्सीवरही आहे. जिप्सीची १५ इंची डिस्क जुन्या जीपवर चढवलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती गाडी चालते, पण तिच्यावरचे चाक मूळचे म्हणून विकता येत नाही. म्हणून पीसीडीबरोबर व्यास, रुंदी, मधले भोक आणि तबकडीची खोली ही मापे एकत्रच पाहावीत.

युद्धकाळातल्या जीपची खरी खूण वेगळी आहे. सुरुवातीच्या विलिसला १६ इंच व्यासाची, ४ इंच रुंद, एकसंध रिम होती. १९४२ पासून साडेचार इंची ‘कॉम्बॅट’ रिम आली. ती दोन तुकड्यांची असते आणि तुकडे आठ नटांनी जोडलेले असतात, म्हणजे मैदानात टायर लवकर बदलता यावा. यात धोका फार मोठा आहे. टायरमध्ये हवा असताना हे आठ नट सैल केले तर रिम फुटल्यासारखी उडते आणि माणूस दगावू शकतो. घासाघीस कितीही रंगात आली असली तरी ते नट उघडण्यापूर्वी व्हॉल्व्हची सुई काढून हवा पूर्ण जाऊ द्यावी.

मापे जुळल्यावर ठसा शोधावा. व्हॉल्व्हच्या भोकाजवळ किंवा तबकडीच्या पाठीवर तारब्रशने हळू घासले की कारखान्याचे नाव, आकार, कधी तारीखही दिसते. केल्सी-हेज हे अमेरिकन नाव, डनलॉप आणि रुबेरी ओवेन ही इंग्रजी. व्हील्स इंडिया हा चेन्नईचा कारखाना १९६० नंतरचा, त्यामुळे त्याचा ठसा असलेले चाक युद्धकाळातले म्हणून कोणी दाखवत असेल तर तिथेच थांबावे. रंगाच्या थरावर विसंबू नये. लष्करी हिरवा रंग कोणालाही मारता येतो.

प्रकृती तपासताना नगरची कोरडी हवा विसरू नये. समुद्रकाठच्या मानाने इथले पोलाद कमी खाल्लेले असते, म्हणून इथली रिम मुळात बरी मिळते. लाकडी चाकाचे मात्र उलट : आरे सुकून आक्रसतात आणि चाक हलवले की करकरते. तारांच्या चाकात प्रत्येक तारेवर पेचकसाने टिचकी द्यावी. सैल तार बद्द वाजते. मधोमध एकाच नटाने बसणारे, रज-व्हिटवर्थ पद्धतीचे तारचाक असेल तर आतल्या खाचा पाहाव्यात. त्या झिजून टोकदार झाल्या असतील तर ते चाक रस्त्यासाठी संपले. पत्र्याच्या चाकात बोल्टची भोके लांबट झाली आहेत का, हे आधी पाहावे. शेतगाडीला लावलेल्या चाकांत हा दोष वारंवार दिसतो. कोणी वेल्डिंगने भोक भरून देतो म्हटले तरी असे चाक मी रस्त्यावर आणणार नाही. त्याचा भाव शोभेच्या वस्तूचा.

आता हिशेब. तळाचा भाव वजनाचा, भंगाराचा. त्याच्या वर कामचलाऊ चाकाचा, आणि सर्वांत वर ओळख पटलेल्या, जुळत्या मूळ चाकाचा. नवीन घडवलेली नक्कल बाजारात मिळत असेल तर साध्या मूळ चाकाला तिच्याहून फार वर जाता येत नाही, ठसा स्पष्ट असेल तरच जाता येते. समजा, तयार स्थितीतल्या मूळ रिमचा भाव ६,००० रुपये धरला. वाळूचा मारा व रंग १,२००, रिमचा ‘आऊट’ म्हणजे वाकडेपणा काढणे ८००, न दिसणाऱ्या दोषासाठी ६००. वजा जाता ३,४०० उरतात. देण्याची मर्यादा एवढीच. आकडे उदाहरणाचे आहेत, क्रम मात्र हाच ठेवावा, कारण बरेच जण दुरुस्तीचा खर्च भाव ठरल्यावर मोजतात.

संचाचा हिशेब आणखी वेगळा. स्टेपनीसह पाच सारखी चाके एकत्र मिळाली तर त्यांचा भाव एकाच्या पाचपटीहून जास्त मागितला जातो, आणि ते रास्त आहे. पाच सारखी शोधायला लागणारी वर्षे त्यात वाचतात. उलट, ज्याच्याकडे चार आहेत तो पाचव्यासाठी सुट्या चाकाच्या भावापेक्षा बरेच जास्त मोजतो. त्यामुळे विकणाऱ्याने आधी गिऱ्हाइकाची गाडी कोणती आणि तिच्यावर किती चाके आहेत, ते विचारावे.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ क्रमांकाची स्वतंत्र नोंदणी दिली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. गाडी मूळ रूपात असावी अशी अट आहे आणि मोठ्या फेरफारांमध्ये चासी, बॉडी व इंजिन यांचा उल्लेख आहे. चाकांचे नाव त्यात नसले तरी अशी नोंदणी करणारा मालक मूळ चाकांच्या शोधात निघतोच. त्याला विकताना पावतीवर व्यास, रुंदी, पीसीडी, ठशातली अक्षरे, भोकांची स्थिती आणि चाक मूळ की नक्कल, हे स्पष्ट लिहून द्यावे, आणि ठशाचा फोटो रंग देण्यापूर्वीच काढून ठेवावा.