घट वजा जाता

जगातले दुकानदार माप कमी देतात ते गुपचूप. पण चारचौघांत, बाटलीच लहान करून, वर त्याला परंपरा म्हणण्याचा मान पूर्व फ्रान्समधल्या ज्यूरा प्रांताचा. स्वित्झर्लंडच्या सरहद्दीलगतच्या या डोंगराळ मुलखात ‘व्हँ झोन’, म्हणजे सरळ मराठीत ‘पिवळी वाईन’, तयार होते. साऱ्या फ्रान्सची बाटली ७५ सेंटीलिटरची. हिची ठेंगणी, रुंद खांद्यांची बाटली ६२ ची. का, म्हणून विचाराल तर उत्तर तयार : पिंपात घातलेल्या लिटरमागे शेवटी एवढीच उरते. आणि बाकीची ३८? उडून गेली!

हेच उत्तर दूधवाल्याने दिलं असतं तर आपण त्याचा रतीब त्याच दिवशी बंद केला असता. पण इथे हिशेब खरा आहे. साव्हान्यँ नावाच्या द्राक्षाची वाईन ओकच्या पिंपात भरायची आणि निदान सहा वर्षं तीन महिने तिच्याकडे फिरकायचं नाही. एरवी पिंपातली वाईन आटली की वरून भर घालतात, नाहीतर हवा लागून तिचं व्हिनेगर व्हायचं. ज्यूरात भर घालत नाहीत. मग वर यीस्टची पातळ साय धरते. तिला ते ‘ओढणी’ म्हणतात. या ओढणीआड वाईन नासत नाही, मुरते. आमच्या आजीच्या लोणच्याच्या बरणीचं शास्त्र निराळं असेल, पण शिस्त हीच : दादरा बांधायचा आणि घरातल्यांचे हात लांब ठेवायचे.

गंमत अशी, की वाईनमधल्या जंतूंचा मोठा वैरी इथलाच. लुई पाश्चर आर्ब्वा गावी लहानाचे मोठे झाले. १८६३ साली तिसऱ्या नेपोलियनने त्यांना फ्रान्सची वाईन का नासते ते शोधायला सांगितलं, तर हे गृहस्थ सूक्ष्मदर्शक घेऊन थेट गावी आले! १८६६ साली त्यांचा ग्रंथ निघाला. वाईन बेताची तापवा, जंतू मरतील. पुढे जगभरच्या दुधाला त्यांचं नाव लागलं. त्यांच्या मुलखातली सर्वांत नावाजलेली वाईन मात्र आजही सूक्ष्मजीवांच्या सायीखाली सुखाने झोपलेली असते.

हिच्याबरोबर खायचं काय? तिथलंच कोंते चीज आणि अक्रोड. सणावाराला कोंबडी, साय, गुच्छी अळंबी आणि त्या रश्शात हीच वाईन. कोंतेची एक चकती सुमारे ४० किलोची, तिला ४०० लिटर दूध लागतं. एका गोठ्यात एवढं कुठलं निघायला? म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दूध एकत्र करण्याची रीत तेराव्या शतकापासूनची. तिला म्हणतात ‘फ्रुइत्येर’. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने द्राक्षमळे फस्त केले; वीसेक हजार हेक्टरांचे आज दोन हजारांच्या आसपास उरलेत. तेव्हा, १९०६ साली, आर्ब्वाच्या द्राक्षवाल्यांनी चीजवाल्यांची युक्ती नावासकट उचलली आणि वाईनची ‘फ्रुइत्येर’ काढली. शेजार असा उपयोगी पडतो.

एका स्नेह्यांनी परदेशाहून आणलेली बाटली आमच्याकडे उघडली, तेव्हा आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “मेथ्या कुणी भाजल्या?” मंडळी हसली. पण बरोबर तीच होती. सोटोलॉन नावाचं एकच द्रव्य मेथीदाण्यालाही वास देतं आणि या वाईनलाही. जाणकारांना जे ग्रंथ वाचून कळतं ते फोडणी देणाऱ्या नाकाला आधीच ठाऊक असतं.

या वाईनचं सर्वांत मानाचं गाव शातो-शालों. तिथे तोडणीच्या आधी मळ्यांची तपासणी होते. १९७४, १९८०, १९८४ आणि २००१ या साली द्राक्षं नावाला साजेशी नाहीत असं ठरलं, आणि त्या वर्षांची, गावाचं नाव लावलेली एकही बाटली निघाली नाही. “यंदा कैरी बरी नव्हती, सबब लोणचं नाही,” अशी कारखानदाराची जाहिरात मी तरी आजवर वाचलेली नाही. असल्या माणसांनी लिटरमागे ३८ कमी दिले, तर निदान माझी तक्रार नाही.