नऊशे सतरा चेंडू
माळव्यातील होळकर संघाने मार्च १९४५ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर रणजी करंडकाचा अंतिम सामना खेळला, तेव्हा प्रमुख खेळाडूवर किती भार टाकावा हा प्रश्न बहुधा कोणाला पडलाच नसावा. सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली त्यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू यांनी लेगस्पिनची, म्हणजे मनगटाने वळवलेल्या फिरकीची, दोन डावांत मिळून १५२.५ षटके टाकली. या ९१७ चेंडूंत त्यांना ४२८ धावांच्या मोबदल्यात ११ बळी मिळाले आणि प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात सर्वाधिक चेंडू टाकण्याचा विक्रम झाला. दुसऱ्या डावात मुंबईने ७६४ धावा केल्या, त्यांत विजय मर्चंट यांच्या २७८ होत्या. डेनिस कॉम्प्टन यांच्या नाबाद २४९ धावांनंतरही होळकर संघ ३७४ धावांनी हरला. सामना निकालापर्यंत खेळवण्याची पद्धत हे इतकी षटके टाकावी लागण्याचे एक कारण होते, तरी एकाच मनगटावरची ही भिस्त अवाजवीच म्हणावी लागेल. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धडका सोसत धावणाऱ्या ‘रनिंग बॅक’ची गतही अशीच होते: कॅन्सस सिटीच्या लॅरी जॉन्सनने २००६ च्या हंगामात विक्रमी ४१६ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली आणि पुढचा हंगाम पायाच्या दुखापतीने अर्ध्यावर सोडला.