अम्लाचे विरलन आणि सामू
अम्लाच्या द्रावणात पाणी मिसळल्याने संहती घटून सामू ७ च्या दिशेने वाढण्याची प्रक्रिया (पहा: अम्ल). सामूची श्रेणी एस. पी. एल. सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. ती लॉगरिथमीय असल्याने दसपट विरलनाने तीव्र अम्लाचा सामू सुमारे १ ने वाढतो, ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक अम्लाचा १, तर ०.०१ मोलरचा २. सौम्य अम्लाचे विचरण विरलनाबरोबर वाढते (पहा: ऑस्टवाल्ड विरलन नियम), त्यामुळे अ‍ॅसिटिक अम्लाचा सामू त्याच विरलनाने जेमतेम २.९ वरून ३.४ होतो. २५° से. तापमानाला केवळ विरलनाने सामू ७ ओलांडत नाही: १०⁻⁸ मोलर हायड्रोक्लोरिक अम्लाचा सामू ८ नव्हे, ६.९८ असतो, कारण तेथे पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन जमेस धरावे लागतात. तीव्र अम्लयुक्त सांडपाण्याचा सामू २ वरून ५ करण्यास हजारपट विरलन लागते. म्हणून चुना वापरतात (पहा: उदासिनीकरण).