‘के-१९’ : अणुभट्टीच्या दारातील कर्तव्यकठोर आठ जण

विशेष प्रतिनिधी

शीतयुद्धाच्या काळात समुद्राच्या पोटात किती संघर्ष झाले आणि किती शौर्यकथा तेथेच बुडाल्या, याचा हिशेब आजही पूर्ण झालेला नाही. सोव्हिएत नौदलाच्या ‘के-१९’ या पाणबुडीची कथा मात्र तीन दशकांच्या मौनानंतर जगासमोर आली. ४ जुलै १९६१ रोजी उत्तर अटलांटिक महासागरात या पाणबुडीची अणुभट्टी तापत गेली आणि ती थंड करण्यासाठी गेलेले आठही जण पुढील तीन आठवड्यांत मरण पावले. आदेश देणे, तो पाळणे आणि त्याचे ओझे आयुष्यभर वाहणे या तिन्ही गोष्टींची कसोटी त्या दिवशी लागली.

घाईत बांधलेली पाणबुडी

अमेरिकेची अण्वस्त्रवाहू पाणबुडी ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ समुद्रात उतरत असताना मॉस्कोलाही तसेच अस्त्र तातडीने हवे होते. सेवेरोद्विन्स्क येथील गोदीत १९५८ मध्ये ‘के-१९’च्या बांधणीस सुरुवात झाली आणि १९६० च्या अखेरीस ती नौदलात दाखल झाली. बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे वाहणारी ती सोव्हिएत संघाची पहिली अणुपाणबुडी. तिच्यावर तीन क्षेपणास्त्रे आणि पोटात दोन अणुभट्ट्या होत्या. बांधणीच्या काळातच काही कामगार अपघातात दगावले. या सगळ्या घाईत एक महत्त्वाची उणीव राहून गेली होती. अणुभट्टीची मुख्य शीतकरण यंत्रणा बंद पडल्यास तिची जागा घेणारी पर्यायी यंत्रणा पाणबुडीवर बसवलेलीच नव्हती.

पहाटेचा इशारा

युद्धसरावासाठी निघालेली ‘के-१९’ कॅप्टन निकोलाय झातेयेव यांच्या नेतृत्वाखाली होती आणि तिच्यावर १३९ जण होते. ४ जुलैच्या पहाटे उजव्या अणुभट्टीच्या शीतकरण यंत्रणेतील दाब अचानक शून्यावर आला. नियंत्रक दांडे खाली जाऊन भट्टी बंद झाली. परंतु अणुभट्टीचे दुखणे असे, की ती बंद केल्यावरही इंधनातील किरणोत्सारी द्रव्ये उष्णता देतच राहतात. फिरते पाणी नसेल, तर तापमान वाढतच जाते. तेच घडले. त्यातच दूरसंपर्काची मुख्य यंत्रणा निकामी झाल्याने मॉस्कोशी बोलणेही अशक्य झाले.

अणुबॉम्बसारखा स्फोट अशा भट्टीत होत नाही, हे आज तज्ज्ञ सांगतात. मात्र गाभा वितळून संपूर्ण पाणबुडी किरणोत्सर्गाने भरून जाण्याचा धोका खरा होता. स्फोट होईल आणि तो उत्तर अटलांटिकमधील ‘नाटो’च्या तळाजवळ झाल्यास युद्धाचे निमित्त ठरेल, ही भीती झातेयेव यांच्या मनात होती.

जाणारे आणि पाठवणारा

उपाय एकच होता. हवा सोडण्याच्या नळीची झडप कापून तेथे नवी नळी जोडायची आणि तिच्यातून भट्टीत पाणी सोडायचे. हे काम भट्टीच्या कप्प्यातच जाऊन करावे लागणार होते. किरणोत्सर्गापासून रक्षण करणारा पोशाख पाणबुडीवर नव्हता. होते ते रासायनिक हल्ल्यापासून बचाव करणारे रेनकोटवजा कपडे आणि मुखवटे.

तरुण लेफ्टनंट बोरिस कोर्चिलोव यांच्यासह आठ जण पाळीपाळीने काही मिनिटांसाठी आत जात राहिले. बाहेर आलेल्यांना उलट्या होऊ लागल्या, चेहरे सुजले. पण नळी जोडली गेली, पाणी पोहोचले आणि तापमान उतरू लागले. कोर्चिलोव १० जुलै रोजी मरण पावले. त्यांचे सातही सहकारी महिना संपण्यापूर्वी त्यांच्या मागोमाग गेले. इतर अनेकांना किरणोत्सर्गाची बाधा झाली व ती पुढील आयुष्यात त्यांना भोवली.

कॅप्टनची कसोटी मात्र संपलेली नव्हती. दूषित वाफ पाणबुडीभर पसरत होती. जवळच्या यान मायेन बेटाकडे जाऊन जीव वाचवावा, असा आग्रह काही अधिकाऱ्यांनी धरला. बंडाची शक्यता ओळखून झातेयेव यांनी मोजकी पिस्तुले विश्वासू अधिकाऱ्यांकडे ठेवून उरलेली शस्त्रे समुद्रात फेकून दिली आणि सरावातील डिझेल पाणबुड्या जेथे असतील त्या दिशेला वळण्याचा निर्णय घेतला. तो निर्णय अचूक ठरला. ‘एस-२७०’चे कमांडर झान स्वेर्बिलोव यांनी क्षीण संदेश ऐकताच वरिष्ठांच्या परवानगीची वाट न पाहता नेमून दिलेली जागा सोडली आणि ते मदतीला धावले. एका कमांडरने शिस्त टिकवली म्हणून आणि दुसऱ्याने ती मोडली म्हणून शंभराहून अधिक माणसे वाचली.

मौन आणि मान्यता

परतलेल्यांना गप्प राहण्याची ताकीद मिळाली. मृतांच्या कुटुंबीयांनाही खरे कारण सांगण्यात आले नाही. काहींना पदके मिळाली, परंतु ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा सर्वोच्च किताब कोणालाच नाही. पाणबुडी दुरुस्त होऊन पुन्हा सेवेत आली. तिच्यावर १९७२ मध्ये लागलेल्या आगीत २८ नौसैनिकांचा बळी गेला.

सोव्हिएत व्यवस्था ढासळू लागल्यावरच ही हकिकत उघड झाली. २००२ मध्ये कॅथरिन बिगेलो यांनी हॅरिसन फोर्ड यांना घेऊन तिच्यावर चित्रपट काढला. त्यातील बंडाचे प्रसंग कल्पित असल्याची तक्रार जिवंत नौसैनिकांनी केली. २००६ मध्ये मिखाईल गोर्बाचेव यांनी या नौसैनिकांचे नाव शांततेच्या नोबेल पुरस्कारासाठी सुचवले. झातेयेव यांचे १९९८ मध्येच निधन झाले होते. मॉस्कोत आपल्या नौसैनिकांच्या शेजारीच त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

आठ जणांच्या त्यागाला वंदन करताना एक प्रश्न विसरता येत नाही. पर्यायी शीतकरणाची एक नळी गोदीतच बसवली असती, तर ती जोडण्यासाठी कोणालाही मृत्यूच्या कप्प्यात शिरावे लागले नसते. समुद्रावरील माणसांनी आपले कर्तव्य केले; किनाऱ्यावरच्यांनी ते आधीच चुकवले होते.