केरीसाहेबांचा एक गुरुवार

माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात पाळक होते. रोज रात्री कंदिलाची वात कमी करण्याआधी ते एका लांबट वहीत दिवसाचा हिशोब लिहीत. पैशांचा हिशोब नव्हे, तसे पैसे घरात नव्हतेच. सकाळी काय वाचलं, कुणाच्या घरी गेलो, किती कोस चाललो, कोणता तास वाया गेला, हे सगळं त्यात असे. आम्ही मुलं सुट्टीत लोळत पडलो की ते म्हणत, "केरीसाहेबांचा दिवस कसा जायचा ठाऊक आहे का रे तुम्हांला?" ठाऊक नसायचं, आणि करून घ्यायची हौसही नसायची. हे कुणी साहेब शेजारच्या श्रीरामपूरचे असावेत, असंच मला बरीच वर्षं वाटत होतं, कारण आजोबा म्हणायचे, "श्रीरामपूरचे केरी."

ते श्रीरामपूर आमचं नव्हतं. कलकत्त्याच्या उत्तरेला, हुगळीच्या पश्चिम काठावर, तेव्हा डेनमार्कच्या ताब्यात असलेलं सेरामपूर ते. विल्यम केरी हा नॉर्थम्प्टनशायरचा, चांभारकाम शिकलेला बाप्टिस्ट प्रचारक. १७९३ च्या नोव्हेंबरात तो कलकत्त्याला उतरला. काही वर्षं त्याने उत्तर बंगालात निळीच्या कोठीवर काढली आणि १८०० च्या जानेवारीत सेरामपूरला मुक्काम हलवला. तिथे जॉशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे सोबती मिळाले. वॉर्ड छापखान्याचा जाणकार होता. तिघांची कुटुंबं एकाच आवारात राहत, आणि कमाई एकाच पेटीत पडे.

केरीचा 'दिवस' म्हणजे नेमकं काय, ते मला पुष्कळ उशिरा, स्वतः भाषांतराच्या धंद्यात पडल्यावर कळलं. १२ जून १८०६ रोजी, रात्री अकराच्या सुमाराला, केरीने इंग्लंडमधल्या आपल्या स्नेह्याला, जॉन रायलंड यांना, एक पत्र लिहिलं. पत्रं लिहायला वेळ का मिळत नाही, हे पटवून देण्यासाठी त्याने त्या एका दिवसाचा तपशीलच मांडला. त्या दिवशी गुरुवार होता.

पावणेसहाला उठणं. हिब्रू बायबलचा एक अध्याय, मग सातपर्यंत एकांतात प्रार्थना. नंतर घरातल्या नोकरांसह बंगालीत कौटुंबिक उपासना. चहा ओतला जात असतानाच मुनशीजवळ बसून थोडं फारसी वाचन. न्याहारीआधी हिंदुस्तानीतून शास्त्रवाचन. न्याहारी उरकताच पंडिताबरोबर रामायणाचं संस्कृतातून भाषांतर, दहा वाजेपर्यंत. मग फोर्ट विल्यम कॉलेजात दुपारी एक-दोनपर्यंत अध्यापन. परतल्यावर यिर्मयाच्या बंगाली भाषांतराची प्रुफं. जेवणानंतर कॉलेजच्या मुख्य पंडिताच्या मदतीने मत्तयच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायाचा बराचसा भाग संस्कृतात, सहापर्यंत. सहानंतर तेलुगू पंडिताकडे त्या भाषेचा पाठ. सातला प्रवचनाची जुळवाजुळव, साडेसातला प्रवचन. चाळीसेक माणसं हजर. उपासनेनंतर एका न्यायाधीशांकडून नव्या प्रार्थनामंदिरासाठी पाचशे रुपयांची वर्गणी. नऊला मंडळी पांगल्यावर यहेज्केलचा अकरावा अध्याय बंगालीत, अकरापर्यंत. मग हे पत्र. पत्रानंतर ग्रीक नव्या करारातला एक अध्याय, आणि झोप.

या एका दिवसात सहा-सात भाषा येऊन जातात. यात मराठीचं नाव नाही, पण ती फार लांब नव्हती. फोर्ट विल्यम कॉलेजात केरी बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवत असे. त्याचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघालं, मराठी कोश १८१० मध्ये, आणि मराठी नवा करार १८११ मध्ये. आपल्या भाषेच्या मुद्रणाचे आरंभीचे ठसे मुंबई-पुण्यात नव्हे, तर हुगळीच्या काठी बंगाली कारागिरांनी पाडले, याचं मला अजूनही नवल वाटतं.

पहिल्यांदा हे पत्र वाचलं तेव्हा मला आजोबांचं म्हणणं पटलं आणि स्वतःची लाज वाटली. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एक बारीक गोष्ट खटकली. केरी खोलीबाहेर आला तेव्हा मुनशी वाट पाहत उभा होता. न्याहारी संपली तेव्हा पंडितही वाट पाहत होता. एका माणसाचा मिनिटही फुकट जाऊ नये म्हणून इतर माणसं आपली मिनिटं घेऊन दाराशी थांबलेली होती. कॉलेजात सुरुवातीला केरीला महिना पाचशे रुपये मिळत, तर मुख्य पंडित मृत्युंजय विद्यालंकारांना दोनशे, आणि खालच्या पंडितांना चाळीस. मराठी व्याकरणामागे वैजनाथ पंडितांचे किती तास आहेत, याची वही कुणी ठेवलेली नाही. केरीने त्यांचं ऋण व्याकरणात मानलं, हे खरं. पण आपल्याकडे 'केरीचं व्याकरण' एवढंच नाव राहिलं. वेळेचा सदुपयोग म्हणून आपण ज्याची वाखाणणी करतो, त्यात दुसऱ्याचा वेळ किती मिसळलेला असतो, हे अशा जागी दिसतं.

तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा मी त्या दिवसात एक नाव शोधत होतो. डोरोथी केरी. त्याची बायको.

१७८१ मध्ये लग्न झालं तेव्हा तिला सहीसुद्धा करता येत नव्हती. हिंदुस्थानात यायला ती आधी राजी नव्हती. शेवटच्या क्षणी, धाकटं मूल कडेवर घेऊन, बहिणीला सोबत घेऊन निघाली. १७९४ मध्ये निळीच्या कोठीवर त्यांचा पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. त्यानंतर तिचं मन जे बिघडलं ते पुन्हा सावरलं नाही. ती नवऱ्यावर चारचौघांत भलते आरोप करी, आरडाओरडा करी. वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्याचा सल्ला केरीने मानला नाही. तिला घरीच ठेवलं, पुढे खोलीत बंद करून. या कडीपलीकडच्या आक्रोशात शेजारच्या खोलीत भाषांतर चालू असे, असं मार्शमनच्या मुलाने पुढे लिहून ठेवलं. ८ डिसेंबर १८०७ रोजी ती वारली. म्हणजे त्या गुरुवारी केरी कलकत्त्यात यहेज्केल संपवत होता, तेव्हा ती सेरामपूरला जिवंत होती. त्याच्या त्या दिवसाच्या हिशोबात ती नाही.

मुलंही जवळजवळ मोकाट वाढली. मार्शमनच्या बायकोने, हॅना मार्शमनने, त्यांचे हाल पाहून हळहळ व्यक्त केली आहे. थोरल्या फेलिक्सला वळण लावलं ते वॉर्डने, छापखान्यात हाताशी धरून. बापाला रागवता येत नव्हतं, आणि वेळही नव्हता.

हे सांगून केरीला खाली ओढायचं माझ्या मनात नाही. दोनशे वर्षांनंतर पंख्याखाली बसून दुसऱ्याच्या संसाराचा निवाडा करणं सोपं असतं. तिच्या दुखण्यावर तेव्हा औषध नव्हतं, आणि कामात डोकं घालणं हाच कदाचित त्याचा टिकून राहण्याचा मार्ग असेल. मला हे खुपतं त्याचं कारण माझ्याकडे आहे. काही वर्षांपूर्वी माझी आई अंथरुणाला खिळली होती. मी पलीकडच्या खोलीत एका ग्रंथाची प्रुफं तपासत होतो. धार्मिकच ग्रंथ होता, म्हणून मनाला टोचणीही नव्हती. ती हाक मारी, "बाळ, जरा बस ना येऊन." मी म्हणे, "आलोच, एवढं पान संपवतो." पान संपे, पुढचं सुरू होई. त्या डिसेंबरात ती गेली. ग्रंथ वेळेवर निघाला. त्यात तीन चुका राहिल्याच.

एफेसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल वेळेविषयी जे सांगतो, त्यावर आमच्या मंडळीत दर नव्या वर्षाला प्रवचन होतं. त्याचं सार बहुधा 'आळस करू नका' एवढंच निघतं. पण मूळ ग्रीकमध्ये तिथे घड्याळाचा काळ नाही. 'क्रोनोस' म्हणजे वाहता, मोजता येणारा काळ. पौलाने वापरला आहे तो शब्द 'कैरोस', म्हणजे वेळ आली म्हणतो ती वेळ, नेमकी घडी. आणि क्रियापद बाजारातलं, विकत घेण्याचं आहे. बाजारात सगळं काही घेता येत नाही. एक घ्यायचं तर दुसरं सोडावं लागतं, आणि ऐपत बघावी लागते.

केरीला हे कळलं होतं का? मला वाटतं, हळूहळू कळत गेलं. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी सेरामपूरच्या छापखान्याला आग लागली. केरी तेव्हा कलकत्त्यात होता. दुसऱ्या दिवशी मार्शमनने जाऊन सांगितलं. कागद जळला, खिळे वितळले, आणि हस्तलिखितं गेली. अनेक भाषांच्या शब्दांचा कोश, तेलुगू आणि पंजाबी व्याकरणं, रामायणाच्या भाषांतराचा भाग, असं बरंच काही त्यात होतं. त्या गुरुवारी चहा ओतला जात असताना आणि रात्री नऊनंतर वाचवलेले तास असे एका रात्रीत राख झाले. एकदा चाललेली वाट दुसऱ्यांदा सोपी जाते, असं म्हणून तो पुन्हा बसला. १८२३ च्या पुरात त्याची जिवापाड जपलेली बाग वाहून गेली, तेव्हाही त्याने पुन्हा रोपं लावली. आपल्यात काही गुण असेल तर तो नेट लावून चालत राहण्याचा, एवढंच तो पुतण्यापाशी कबूल करी.

शिवाय जे वाचलं तेही सगळं टिकलं नाही. सेरामपूरची अनेक भाषांतरं घाईची होती आणि पुढे बाजूला पडली. मराठी नव्या करारावर नागपूरकडच्या बोलीची छाप होती, असं म्हणतात. मुंबईच्या अमेरिकन मिशनने स्वतःचं भाषांतर हाती घेतलं आणि १८२६ मध्ये ते छापून काढलं. तासांची बेरीज कितीही मोठी झाली तरी तिचं फळ आपल्या हातात नसतं.

पण एक दिवस असा आहे, की ज्याचं फळ मोजता येईल. १७९९ मध्ये केरीने पहिल्यांदा एका बाईला सती जाताना पाहिलं होतं. त्याने विनवलं, ओरडला, कुणी ऐकलं नाही. पुढची तीस वर्षं तो आणि त्याचे सोबती सरकारदरबारी अर्ज करत राहिले, आकडे गोळा करत राहिले. एकट्या १८१८ सालात बंगाल इलाख्यात आठशेहून अधिक सतींची सरकारी नोंद आहे. राजा राममोहन राय आपल्या बाजूने लढत होते. शेवटी ४ डिसेंबर १८२९ रोजी बेंटिंकने बंदीचा कायदा केला, आणि बंगाली तर्जुम्यासाठी तो सरकारी भाषांतरकाराकडे, म्हणजे केरीकडे पाठवला. कागद हाती आला तो रविवारी.

रविवार म्हणजे प्रभूचा दिवस. बाप्टिस्ट माणूस त्या दिवशी लौकिक कामाला हात लावत नाही, आणि केरीला तर त्या सकाळी प्रवचन द्यायचं होतं. वय अडुसष्ट. त्याने कागद वाचला आणि प्रवचनाला दुसऱ्याला पाठवलं. आपण एक तास उशीर केला तर तेवढ्यात एखाद्या बाईचा जीव जाईल, असं म्हणून तो पंडिताला घेऊन बसला. संध्याकाळपर्यंत तर्जुमा पुरा झाला.

त्या गुरुवारी केरीने अनेक कामं पार पाडली. या रविवारी एकच. गुरुवारच्या वेळापत्रकात प्रवचनाला जागा होती. रविवारी त्याने प्रवचनच सोडलं. तरीही वेळ विकत घेणं म्हणजे काय, हे मला या रविवारावरून समजलं. मात्र गुरुवारांशिवाय हा रविवार आला नसता, हेही खरं. कायद्याची भाषा एका दिवसात चोख बंगालीत उतरवायची तर त्यामागे तीस वर्षांचा नेट लागतो. मोकळ्या हाताने बाजारात जाऊन काही मिळत नाही.

आजोबांच्या वह्या माझ्याकडे आहेत. त्यातलं एक पान मी हल्ली पुन्हा पुन्हा उघडतो. नेहमी ओळीवर ओळ भरलेल्या त्या वहीत त्या दिवशी एवढंच लिहिलं आहे, की वाचन झालं नाही, प्रवचनाची तयारी झाली नाही; खालच्या आळीत एका घरचा मुलगा गेला, तिथे दिवसभर बसलो. एरवी वाया गेलेल्या तासापुढे ते फुली मारत. त्या पानावर फुली नाही.