अडथळ्यांच्या शर्यतीतील विजेत्याचा अंदाज
वाटेतील कुंपणे व चर ओलांडत धावणाऱ्या घोड्यांमधून संभाव्य विजेता आधीच हेरण्याची ही पद्धत ब्रिटन व आयर्लंडमध्ये विशेष रुजली असून, तिची खरी कसोटी लिव्हरपूलजवळील एन्ट्री येथे होणाऱ्या ग्रँड नॅशनलमध्ये लागते. सुमारे 6.9 किमी. अंतर व 30 उड्या असलेल्या या शर्यतीत निव्वळ वेगावर भिस्त ठेवणारा बहुधा फसतो. मागील कामगिरीच्या नोंदीत आकडा क्रमांक दाखवतो, ‘एफ’ म्हणजे घोडा पडला आणि ‘पी’ म्हणजे स्वाराने तो मध्येच थांबवला. एखादे पडणे दुर्दैवाचे असू शकते, पण वारंवार येणारा ‘पी’ दमसास कमी असल्याची किंवा दुखण्याची शंका निर्माण करतो. मैदान पावसाने जड झाले की दमदार घोड्यांचे पारडे वर जाते. ही हँडिकॅप शर्यत, म्हणजे सरस घोड्यावर अधिक वजन लादून संधी समान करणारी, असल्याने वजनाचा हिशेबही मांडावा लागतो, तरी रेड रम या घोड्याने 1974 मध्ये 12 स्टोन (सुमारे 76 किग्रॅ.) वाहून ती जिंकली. 1967 मध्ये तर 23 व्या अडथळ्यापाशी बहुतेक घोडे एकमेकांत अडकले आणि मागून आलेला, एकास शंभर भावाचा फॉइनेव्हॉन जिंकला. गर्दीचा हा धोका घटवण्यासाठी 2024 पासून घोड्यांची कमाल संख्या 40 वरून 34 करण्यात आली.